गुरुवारचे पाळकसाहेब

माझी आठवड्यातली एकुलती एक सुट्टी ज्या माणसाने वर्षानुवर्षं खाल्ली, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हणजे आधी स्वतःच्या रागाची समजूत काढावी लागते. आमच्या चर्चचे भालेराव पाळक मागच्या हिवाळ्यात गेले. अंत्यविधीला एकेक जण उठून बोलत होता, किती शांत माणूस, किती सोशिक. मी बाकावर बसून विचार करत होते, हे नक्की कुणाबद्दल बोलताहेत? माझ्या माहितीतले भालेराव पाळक कधी शांत नव्हतेच. ते सदा चिडलेले असत. मंडळीवर, कमिटीवर, ट्रॅफिकवर, माझ्या पेटीवर, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की थेट देवावर. आणि ते गेल्यावर माझी सुट्टी मला परत मिळाली असं कुणाला वाटत असेल, तर तसंही झालेलं नाही. गुरुवारी पेटी घेऊन मी आता चाकणच्या बसमध्ये असते.

आमच्या पिंपरी-चिंचवडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथल्या एमआयडीसीला सुट्टी असते ती गुरुवारी. विजेच्या टंचाईच्या काळात कधीतरी ही सोय केली म्हणतात. टंचाई गेली, गुरुवार राहिला. रविवारी सगळं पुणं अंथरुणात लोळत असतं तेव्हा भोसरीतले पत्रा दाबायचे प्रेस धडाधड चालू असतात. बाकीच्यांचं त्यात काही बिघडत नाही. गुरुवारी दत्ताला जातात, उपास धरतात, छान चाललंय त्यांचं. पंचाईत होते ती आम्हा ख्रिस्ती लोकांची. आमचा प्रभू उठला तो रविवारी, आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या माणसाची फर्स्ट शिफ्ट.

काळेवाडीतल्या आमच्या मंडळीत रविवारी गर्दी कमी नसते. बँकेतले, शाळेतले, हिंजवडीला आयटीत असलेली पोरंपोरी, त्यांच्या गाड्या लावायला गल्ली पुरत नाही. पण कारखान्यातली माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. नाताळला यायची, एखाद्या मातीला यायची, बाकी नाही. मी स्वतः भोसरीच्या एका लहान कारखान्यात हजेरीचं काम बघते, म्हणजे मीही त्यातलीच. रविवारी उपासना चुकते याची चुटपुट असायची, पण खरं सांगायचं तर गुरुवारी झोप पुरी व्हायची आणि चुटपुट दुपारपर्यंत विरून जायची. भालेराव पाळकांना मात्र ते सहन होईना. नगरकडून बदलून आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर केलं, कामगारांसाठी गुरुवारी सकाळी दहा वाजता उपासना. कमिटी म्हणाली, करा, बघू चार महिने.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी डोक्याला तेल थापून बसले होते.

"शालिनीबाई, तुमची सुट्टी गुरुवारी ना?"

"हो," मी म्हणाले, आणि तिथेच फसले.

"पेटी वाजवता असं कळलं."

"लहानपणी शिकले होते, पाळकसाहेब. आता कुठली..."

"आता म्हणजे? बोटं आहेत ना जागेवर? एक गुरुवार या. दुसरं कुणी मिळेपर्यंत."

दुसरं कुणी मिळालं नाही. त्यांनी शोधलं असेल यावर माझा आजही विश्वास नाही.

गुरुवारची ती मंडळी म्हणजे काय होती! एक म्हातारे आजोबा, ज्यांना रविवारच्या गोंगाटात ऐकू येत नसे. दोन-तीन कामगार, तेही दर आठवड्याला तेच असतील याची खात्री नाही. आणि पेटीवर मी. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही इतके विखरून बसायचो की शेवटच्या बाकावरच्या माणसाला गीताचा नंबर ओरडून सांगावा लागे. पाळकसाहेब मात्र पांढरा झगा घालून, गळ्याची पट्टी नीट बसवून, भरलेल्या देवळात यावं तसे यायचे. सूचना वाचायचे. "तरुण संघाने नोंद घ्यावी." तरुण संघ? सर्वांत तरुण मी, आणि माझ्या गुडघ्यांना तेव्हाच कुरकुर सुरू झाली होती. उपदेश पुरता पाऊण तास. शेवटची प्रार्थना झाली की झटझट चालत दारात जाऊन उभे राहायचे, जाणाऱ्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायला. तीन माणसांची रांग! आजोबा तर मुद्दाम दोनदा हात मिळवून जायचे, म्हणायचे, तेवढंच पाळकांना बरं वाटतं.

प्रार्थनेत ते देवाला चक्क झापत. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि आवाज वर चढलेला. "प्रभो, आज पुन्हा चारच. तू बघतोयस ना? चाकणला हजारो माणसं आहेत, त्यातली आमची पाच-पन्नास तरी असतीलच की. तू एकाच्या तरी मनात घालशील का नाही? का तेही मीच करायचं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात पेटीवरून घसरला. पुढे सवय झाली. उलट एखाद्या गुरुवारी ते गोड शब्दांत प्रार्थना करू लागले की मला काळजी वाटे, यांना ताप तर नाही ना.

उपासना संपली की झगा काढता काढता त्यांचं ठरलेलं असायचं. "बास झालं, शालिनीबाई. आता कुलूप. माणसाने किती दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं?" सुरुवातीला मी आशेने विचारायचे, मग पुढच्या गुरुवारी नाही ना? ते रागाने बघायचे. "पुढच्या गुरुवारी कसं बंद करणार? उपदेश तयार आहे." त्यांचा उपदेश दर वेळी आधीच तयार असायचा. बुधवारी फोन केला तरी तयार, गुरुवारी दुपारी विचारलं तरी पुढचा तयार. बंद करायचंच आहे, पण आज नको, असं म्हणत त्या माणसाने माझे किती गुरुवार नेले याचा हिशेब मी ठेवलेला नाही, ठेवला असता तर वेड लागलं असतं.

माणसं येत नाहीत तर आपण जाऊ, म्हणून ते चाकणच्या फेऱ्या मारू लागले. जुनी स्कूटर, मागे डबा बांधलेला, आणि त्या रस्त्याचं ट्रॅफिक. गेटवर वॉचमन उभं राहू देत नसत. कुणाला वाटे हे विम्याचे एजंट, कुणाला वाटे युनियनवाले. एकदा एका चौकातल्या चहावाल्याकडून त्यांना कळलं की त्याच्याकडे आपली काही पोरं चहाला येतात. पाळकसाहेब खूश. त्याला म्हणाले, "गुरुवारी जी पोरं मोकळी असतील ती काळेवाडीला पाठवा. सकाळी दहाला. जेवढी येतील तेवढी हवीत मला." उकाडा फार होता म्हणून गळ्याची पट्टी त्यांनी काढून खिशात ठेवली होती, आणि ती खिशात आहे हे स्वतःच विसरले होते.

त्या गुरुवारी मी हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. दहा-बारा बाप्ये! धट्टेकट्टे, खांद्यावर टॉवेल, हातात जेवणाचे डबे, बाकांवर ओळीने बसलेले. पाळकसाहेबांचा चेहरा असा मी आधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला म्हणाले, "आज जरा वरच्या पट्टीत घ्या." मी घेतलं. ती माणसं उभं राहा म्हटलं की उभी राहायची, बसा म्हटलं की बसायची, गाण्याला नुसते ओठ हलवायची. उपदेश तर त्या दिवशी तासावर गेला. प्रार्थनेत देवाला एकही टोमणा नाही, नुसते आभार. मग ते दारात जाऊन उभे राहिले. पहिल्याच माणसाने त्यांचा पुढे केलेला हात हातात घेतला आणि विचारलं, "सायेब, ते समदं झालं. आता लोडिंगचं काम कुठं हाय? टेम्पो येणार हाय का चालत जायाचं?"

चहावाल्याने त्यांना लेबर कॉन्ट्रॅक्टर समजून रोजंदारीची माणसं पाठवली होती. ती बिचारी सकाळपासून बसली होती, कामाच्या आधी मालक पूजा करतोय अशा समजुतीने.

मला हसू आवरेना. मी पेटीत तोंड खुपसलं. पाळकसाहेब लाल झाले होते. आता हे कुणावर फुटतात याची मी वाट बघत होते, तर ते गर्रकन वळले आणि मलाच म्हणाले, "हसताय काय? या माणसांचा दिवस बुडवला मी." मग त्यांनी हॉलमधले सगळे बाक बाहेर काढायला लावले, फरशी धुवायला लावली, बाक पुन्हा आत लावायला लावले. पाळकीणबाईंनी पातेलंभर पोहे केले. प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून रोज दिला.

माणसं गेली. एक जण मात्र फाटकापाशी घुटमळत राहिला. काळासावळा, तिशीचा, चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडे लागलेला आणि सुट्टीच्या दिवशीही रोजंदारीवर जाणारा. अशोक ओहोळ त्याचं नाव. खाली बघत म्हणाला, "पाळकसाहेब, सलाम. म्या आपल्यातलाच हाय. जालन्याकडचा. लगीन झाल्यापासून देवळात पाय नव्हता ठेवला. आज ते गाणं लागलं तर समदं पाठ निघालं की हो."

मला भरून आलं. मी पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, बघा, मिळाला की नाही एक? तर हा गृहस्थ चिडून म्हणतो, "एक! हॉलभर माणसं आणली आणि त्यातून एक! असा भाव असतो का कुठे?"

अशोक मात्र त्यानंतर येत राहिला. आपल्या शेजारच्या खोलीतल्या एकाला आणू लागला, कधी बायकोला. त्याच्याशीही पाळकसाहेबांचं धड पटायचं नाही. उशिरा आला म्हणून ओरडा, टोपी काढली नाही म्हणून ओरडा. आणि कापणीच्या सणाला तर कहरच झाला. या सणाला आमच्यात ज्याने त्याने आपल्या कष्टाचं पहिलं फळ देवापुढे आणायचं असतं. गावाकडे कणसं येतात, भोपळे येतात, कोंबड्या येतात. इथे कोण शेती करतंय? रविवारची मंडळी मंडईतून सफरचंदं आणते, वर मेणकागदही काढत नाही. अशोकने गुरुवारी खिशातून रुमालात गुंडाळलेला लोखंडाचा एक तुकडा काढला आणि प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवला. गाडीच्या कुठल्याशा भागाची दाबून काढलेली पत्र्याची वाटी होती ती. एका कडेला चीर गेलेली.

पाळकसाहेबांनी ती उचलून उजेडात धरली. "हे काय?"

"माझ्या मशीनचा माल, साहेब."

"याला चीर आहे."

"हाव. रिजेक्ट हाय."

"देवाला रिजेक्ट आणलंस?" पाळकसाहेबांचा आवाज हॉलभर घुमला. "लंगडं कोकरू, आंधळं वासरू अर्पणाला चालत नाही, हे मी गेल्या महिन्यात तासभर सांगितलं ते कुणाला? भिंतीला?"

अशोक गांगरला, पण हटला नाही. "साहेब, चांगला पीस आणला असता तर चोरी झाली असती की. चांगला माल कंपनीचा. गेटवर झडती होती. हा भंगारात चालला होता, सुपरवायझरला इचारून घेतला. माझ्या हातचं म्हणावं असं एवढंच हाय माझ्याकडं."

पाळकसाहेबांनी ती वाटी झग्याच्या बाहीने पुसली, मेजाच्या मधोमध ठेवली आणि आदल्या रविवारची सफरचंदं बाजूला सारली. त्या दिवशीचा तयार उपदेश त्यांनी केलाच नाही. म्हणाले, "गीत घ्या, शालिनीबाई," आणि लगेच नाक शिंकरायला आत निघून गेले. रविवारी ती वाटी मेजावरून नाहीशी झाली होती. कुणीतरी साफसफाईत उचलली म्हणे. पाळकसाहेबांनी त्यावरून इतका गोंधळ घातला की शेवटी साळवेसाहेबांनी कचऱ्याच्या पोत्यात हात घालून ती शोधून दिली.

साळवेसाहेब म्हणजे आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. मोठ्या कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सज्जन, टापटिपीचे. त्यांना गुरुवार कधीच पटला नाही, आणि प्रामाणिकपणे सांगते, मला त्यांचं म्हणणं पटायचं. चार माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? ही चार माणसं नाताळला येतातच ना? मी पाळकसाहेबांना हे तोंडावर सांगितलं, तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी चारसुद्धा नव्हती.

मार्चअखेर होती. सगळ्या कंपन्यांनी गुरुवारीही काम ठेवलं होतं. अशोकला ओव्हरटाइम लागलेला, आजोबा आजारी. दहा वाजले, सव्वादहा झाले. पाळकसाहेब झगा घालून पुढे उभे, मी पेटीवर, मधले सगळे बाक रिकामे. पंखा तेवढा करकरत होता. मग ते खाली उतरले आणि पहिल्या बाकावर येऊन बसले. गळ्याची पट्टी ओढून काढली.

"शालिनीबाई, खरं सांगा. मी मूर्ख आहे का?"

मी सकाळी कपडे भिजत टाकून आले होते. "हो," म्हणाले. "आणि तुमच्यामुळे मीही. सोडा ना हे, पाळकसाहेब. तुम्हीही दमलात, मीही दमले. देवालाही हे नको असेल."

मला वाटलं चिडतील. पण त्या दिवशी ते चिडले नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं. ते रिकाम्या हॉलकडे बघत बोलत राहिले. "मी रोज विचारतो त्याला, बंद करू का? तो हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. नुसता गप्प. माझ्याबरोबर शिकलेल्यांच्या मंडळ्या बघा, दोनमजली देवळं बांधली त्यांनी. माझा मुलगा हिंजवडीच्या त्या मोठ्या इंग्रजी चर्चला जातो, तिथे बसायला खुर्ची मिळत नाही म्हणे. आणि मी इथे बाकांना उपदेश करतोय. पण बाई, ज्याने कामाला लावलं त्याने थांब म्हटलेलं नाही. मग गड्याने आपल्या मनाने अवजारं खाली ठेवायची का? तुम्ही हजेरी बघता कारखान्यात. सांगा, सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी कामगार मशीन सोडतो का?"

"सोडतात की," मी म्हणाले. "चहाला जातात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग चला. चहाला जाऊ."

कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही उभ्याने चहा घेतला. त्यांनी बिस्किटाचा पुडा घेतला आणि बहुतेक सगळा एकट्याने संपवला. मला वाटलं, सुटले, आता घरी. तर ते हात झटकून परत हॉलकडे चालू लागले, झगा घातला, पट्टी लावली, आणि एकट्या माझ्यापुढे सगळी उपासना केली. सूचनांसकट. तो उपदेश कशावर होता ते मला आठवत नाही. फार चांगला नसावा. त्यांचे उपदेश बहुधा लांबच असत, चांगले क्वचित. पण एका माणसासाठीही त्यांनी त्यातलं एक वाक्य गाळलं नाही, हे मला आठवतं. शेवटी दारात हात मिळवताना म्हणाले, "दमलेल्या माणसाची पेटी बरी असते. जरा सावकाश चालते, गाणाऱ्याला श्वास घेता येतो." त्या माणसाने माझं केलेलं हे एकमेव कौतुक. तेसुद्धा कौतुकच होतं की नाही, देव जाणे.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना कमिटीने विषय काढलाच. पेटी वाजवते म्हणून सभेला मलाही बोलावलं होतं. तरुणांना गाण्याच्या सरावाला गुरुवारी हॉल हवा होता. त्यांची सोय बघायला नको का, असं साळवेसाहेबांनी अगदी गोड शब्दांत विचारलं. सगळे पाळकसाहेबांकडे बघू लागले. ते ताडकन उठले. "बंद करा! मी तर केव्हाचा वाट बघतोय तुम्ही कधी म्हणता याची. घ्या किल्ल्या!" किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला आणि निघून गेले. कमिटीने सुटकेचा निःश्वास टाकला, साळवेसाहेबांनी प्रार्थना करून सभा संपवली. मी घरी येताना चाफ्याचं रोप घेऊन आले, गुरुवारी कुंड्या लावायच्या म्हणून.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. "कुठे आहात? अशोकच्या खोलीवर या. चाकणला."

"पाळकसाहेब, बंद केलं म्हणालात ना?"

"हॉल बंद केला. उपासना बंद करायला मी कोण?"

"मी नाही येणार," मी म्हणाले. माझाही पारा चढला होता. "पेटी घेऊन त्या ट्रॅफिकमधून चाकणला? मला माणसात राहू द्या जरा."

"नका येऊ," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी गेले नाही. मातीने माखलेल्या हातांनी मी रोप लावलं, डोक्याला तेल लावलं, दुपारी झोपले. छान वाटलं. पुढचे कितीतरी गुरुवार छान वाटलं, आणि ते मी कुणापासून लपवणार नाही.

निवृत्त झाल्यावर ते पुनावळ्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. पाळकीणबाई त्याआधीच वारल्या होत्या. स्कूटर मुलाने विकून टाकली, कारण हात थरथरायला लागला होता. तरी दर गुरुवारी हे बसने चाकणला. पुनावळ्याहून एक बस, मग दुसरी, भोसरीला उतरून तिसरी. तिथे अशोकच्या खोलीत चटईवर अशोक, त्याची बायको आणि आला तर शेजारचा. मुलाचा मला एकदा फोन आला. "काकू, तुमचं ऐकतील. सांगा ना त्यांना. डॉक्टरांनी नको म्हटलंय. घरात बसून मोबाइलवर प्रार्थना घ्या म्हटलं तर अंगावर येतात." मी त्याला म्हणाले, बाळा, माझं त्यांनी कधी ऐकलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भोसरीत, एका गुरुवारीच. मोशीला मुलीकडे चालले होते, तिला बरं नव्हतं. उड्डाणपुलाखाली एक लांबलचक ट्रेलर वळताना अडकला होता आणि आमची रिक्षा त्याच्या मागे रुतून बसली होती. पलीकडे चाकणच्या बसथांब्यावर लक्ष गेलं, तर पाळकसाहेब. केवढे वाळले होते! खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री, तिचाच काठीसारखा आधार. डोक्यावर रणरणतं ऊन, पण छत्री उघडली नव्हती, उघडली असती तर उभं कशाच्या आधारावर राहणार?

एक बस आली ती खच्चून भरलेली, थांबलीच नाही. दुसरी थांबली ती बरीच पुढे जाऊन. ते तिच्याकडे निघाले, पळायचा प्रयत्न केला, आणि ती सुटली. त्यांनी छत्री उगारून तिच्यामागे काहीतरी म्हटलं. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी रस्ता ओलांडला आणि घराकडच्या थांब्यावर येऊन उभे राहिले.

मला हायसं वाटलं. सुटले एकदाचे, असं मी मोठ्याने म्हणाले. आणि लगेच मला माझंच कळेना. हा माणूस घरी जातोय याचं मला एवढं वाईट का वाटावं? मीच तर सांगत आले होते, सोडा म्हणून.

बस आली. जवळजवळ रिकामी, खिडकीच्या जागा मोकळ्या. कंडक्टर दारात वाकून त्यांना हाताने बोलावत होता, म्हाताऱ्या माणसाला बघून थांबलाही होता. पाळकसाहेबांनी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. तसेच उभे राहिले. कंडक्टर काहीतरी म्हणाला. त्यावर हे त्याच्यावर खेकसले असावेत, कारण त्याने कपाळाला हात लावला. त्यांनी पाय खाली घेतला. बस गेली.

ते पुन्हा रस्त्यात उतरले. एका टेम्पोला हात करून थांबवलं आणि थांबल्याबद्दल वर त्यालाच काहीतरी सुनावलं. छत्री टेकत टेकत, वाहनांच्या मधून, परत चाकणच्या थांब्यावर.

"पाळकसाहेब!" मी रिक्षातून ओरडले. त्या हॉर्नच्या गदारोळात त्यांना कसलं ऐकू येतंय! तेवढ्यात ट्रेलर हलला. मी रिक्षावाल्याला म्हणाले, थांब, मला उतरायचंय.

"ताई, आत्ता कुठं सुटलंय," तो म्हणाला. "आता थांबलो तर मागचे जित्ता सोडणार न्हाईत."

मी मागच्या फटीतून वळून बघत राहिले. पाळकसाहेब पार रस्त्याच्या कडेला येऊन, हात पुढे करून उभे होते. बस अजून दिसतही नव्हती.